विश्लेषण : बागेतले बुरशीनाशक, रुग्णाचे औषध आणि एकाच विकराची खाच

द्राक्षावरील भुरीसाठी फवारले जाणारे औषध आणि फुफ्फुसातील बुरशीवर रुग्णालयात दिले जाणारे औषध एकाच रासायनिक कुळातले आहे. दोन्हींचा मारा बुरशीच्या एकाच विकरावर होतो. त्या विकराची घडण बदलली की दोन्ही औषधे एकदमच बोथट होतात. दिंडोरीसारख्या तालुक्याने हे विज्ञान समजून घेणे का गरजेचे आहे?

दिंडोरी तालुक्यात गोडी छाटणी झाली की फवारणीचे दिवस सुरू होतात. मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर पट्ट्यात ट्रॅक्टरला जोडलेल्या ब्लोअरचा आवाज पहाटेपासून ऐकू येतो. पाऊस आणि दव असेल तर डावणी, हवा कोरडी आणि थंड झाली की भुरी. एखादी फवारणी चुकली तर वर्षाचे पीक हातचे जाते, हे इथल्या बागायतदाराला कुणी सांगावे लागत नाही. भुरीसाठी त्याच्या हाताशी असलेल्या औषधांत हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल, पेनकोनॅझोल ही नावे परिचयाची आहेत.

याच तालुक्यातला एखादा रुग्ण टीबीतून बरा झालेला असतो, पण खोकला जात नाही, थुंकीतून रक्त पडते. तपासणीत फुफ्फुसाच्या जुन्या पोकळीत बुरशी वाढलेली दिसते. डॉक्टर औषध लिहून देतात : इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल. नावांच्या शेवटचे ‘कोनॅझोल’ हा योगायोग नाही. बागेतल्या डब्यातले आणि रुग्णाच्या गोळीतले रसायन एकाच घराण्यातले आहे. त्याला ‘अझोल’ कुळ म्हणतात.

हे नाते चिंतेचे का ठरले, ते समजण्यासाठी बुरशीच्या पेशीत डोकावावे लागते.

विकर म्हणजे काय आणि ‘सीवायपी५१’ काय करतो?

विकर म्हणजे एन्झाइम. पेशीतील रासायनिक कामे घडवून आणणारे हे प्रथिन. अमिनो आम्लांची लांब साखळी स्वतःभोवती वळून, दुमडून एक ठरावीक आकार घेते. त्या आकारात एक खोलगट खाच तयार होते. ज्या रेणूवर काम करायचे, तो रेणू या खाचेत येऊन बसतो. विकराचे सारे कसब त्या खाचेच्या आकारात असते.

बुरशीच्या पेशीला आवरण लागते आणि ते आवरण टिकण्यासाठी अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. आपल्या पेशींच्या आवरणात जे काम कोलेस्टेरॉल करते, तेच बुरशीत अर्गोस्टेरॉल करते. ते तयार होण्याच्या मार्गात अनेक टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळा विकर काम करतो. त्यातला एक महत्त्वाचा विकर म्हणजे ‘सीवायपी५१’. कच्च्या रेणूच्या १४ व्या कार्बनवर चिकटलेला एक छोटा मिथाइल गट कापून टाकणे हे त्याचे काम.

हा गट कापला गेला नाही तर अर्गोस्टेरॉल बनत नाही. अर्धवट तयार झालेले रेणू साचत जातात, पेशीचे आवरण बिघडते आणि बुरशीची वाढ थांबते. म्हणजे हा एक विकर अडवला, की बुरशी अडते. अझोल कुळातील प्रत्येक औषध नेमके हेच करते.

औषध नेमके कुठे बसते?

‘सीवायपी५१’ च्या खाचेच्या तळाशी हीम नावाचा गट असतो आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही हीम असते, त्यामुळे नाव ओळखीचे वाटेल. मिथाइल गट कापण्याचे काम या लोहाच्या जागी होते.

अझोल औषधांत पाच अणूंचे एक लहान कडे असते. त्यातला नायट्रोजनचा एक अणू थेट लोहाला जाऊन चिकटतो. उरलेला रेणू खाचेच्या भिंतींना टेकतो आणि जागा अडवून बसतो. खऱ्या कच्च्या मालाला मग आत शिरायला वावच उरत नाही.

माणसाच्या पेशीतही या विकराचा भाऊबंद आहे. मात्र त्याच्या खाचेची घडण थोडी निराळी असल्याने औषध तिथे तितके घट्ट बसत नाही. बुरशी मरते आणि माणूस तगतो, तो या थोड्या फरकामुळे. औषध म्हणून अझोलचे सगळे मोल खाचेच्या घडणीवर अवलंबून आहे आणि त्याचे दुबळेपणही तिथेच आहे. खाचेतले एखादे अमिनो आम्ल बदलले, तर विकराचे काम सुरू राहते, पण औषधाची पकड सुटते.

एका अणूचा फरक

टायरोसिन आणि फिनाइलअॅलानिन ही दोन अमिनो आम्ले जवळपास सारखी आहेत. टायरोसिनच्या टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी जास्त असते, एवढाच फरक. ‘सीवायपी५१’ च्या खाचेत एका मोक्याच्या जागी टायरोसिन असते. काही अझोल औषधांना तिथे धरून ठेवण्यास हीच जोडी मदत करते. टायरोसिनच्या जागी फिनाइलअॅलानिन आले, की तो आधार जातो.

द्राक्षावरील भुरीच्या बुरशीत, म्हणजे इरिसायफी नेकेटरमध्ये, साखळीतील १३६ व्या जागी हा बदल आढळतो. नव्वदच्या दशकात फ्रेंच संशोधकांनी तो दाखवून दिला आणि नंतर अनेक देशांच्या द्राक्षबागांत तो सापडला. ‘पूर्वी या औषधाने भुरी लगेच आटोक्यात यायची, आता येत नाही’ ही बागायतदारांची तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते. त्यामागच्या कारणांपैकी एक कारण हे आहे.

माणसाला आजारी पाडणाऱ्या कॅन्डिडा या यीस्टमध्ये हाच बदल १३२ व्या जागी दिसतो. अतिदक्षता विभागांची झोप उडवणाऱ्या कॅन्डिडा ऑरिसमध्येही तो आहे. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीत तो १२१ व्या जागी आहे. बुरशीनुसार साखळीची लांबी कमीजास्त असल्याने आकडे वेगळे दिसतात. खाचेतली जागा मात्र तीच आहे. वेलीवरची बुरशी असो वा फुफ्फुसातली, अझोलच्या माऱ्यातून सुटण्यासाठी निसर्गाने पुन्हा पुन्हा हीच वाट निवडली आहे.

काळ्या बुरशीने दिलेला धडा

हे सगळे प्रयोगशाळेपुरते आहे असे वाटत असेल, तर २०२१ चा उन्हाळा आठवावा. करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. मधुमेह आणि स्टिरॉइडच्या माऱ्याने खचलेल्या रुग्णांच्या नाकात, डोळ्यात, जबड्यात बुरशी पसरली. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र आणि गुजरात ही सर्वाधिक फटका बसलेली राज्ये होती. नाशिकसह गावोगावचे नातेवाईक ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते.

त्या वेळी अनेकांना प्रश्न पडला होता : बुरशीवरचे व्होरिकोनॅझोल बाजारात असताना तेच का देत नाहीत? उत्तर विकराच्या घडणीत आहे. म्युकर गटातील बुरशींच्या ‘सीवायपी५१’ मध्ये १२९ व्या जागी मुळातच फिनाइलअॅलानिन असते. म्हणजे इतर बुरशींनी औषधाच्या माऱ्यात कमावलेला बदल या बुरशीकडे जन्मजात आहे. युरोपातील संशोधकांनी २०१७ मध्ये, करोनाच्या आधीच, हे दाखवून दिले होते. फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल ही आखूड रेणूंची औषधे त्या खाचेत टिकत नाहीत. पोसॅकोनॅझोलचा रेणू लांब शेपटीचा. तो खाचेतून बाहेर येणाऱ्या वाटेवर आणखी काही ठिकाणी आधार घेतो, म्हणून तो काही प्रमाणात चालतो.

म्युकरचा रोध शेतीतल्या फवारणीतून आलेला नाही, हे स्पष्ट असावे. पण विकरातील एक अमिनो आम्ल रुग्णाला गोळीवरून इंजेक्शनवर आणि घरातून रुग्णालयात कसे नेते, हे महाराष्ट्राने त्या काळात पाहिले आहे. दुसऱ्या एका बुरशीत हीच स्थिती माणसाच्या हाताने तयार होत असेल, तर तिची दखल वेळेत घ्यायला हवी.

ॲस्परजिलस : दोन बदलांची जोडी

ती दुसरी बुरशी म्हणजे ॲस्परजिलस फ्युमिगेटस. ती कुठे नाही असे नाही. सडका पालापाचोळा, शेणखत, कंपोस्टचा ढीग, ओलसर भुसा ही तिची घरे. ५० अंश सेल्सिअस तापमानातही ती वाढते. त्यामुळे तापलेल्या ढिगात इतर बुरशी मागे पडतात आणि ही फोफावते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, हवेत सहज तरंगणारे. प्रत्येक माणूस रोज असे शेकडो बीजाणू श्वासातून आत घेतो. धडधाकट शरीर ते निपटून टाकते. टीबीने पोखरलेले फुफ्फुस, जुना दमा, कर्करोगावरील उपचार, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टिरॉइड, यांपैकी काही असेल तर हीच बुरशी आत मुक्काम ठोकते.

या बुरशीत रोध दोन मार्गांनी येतो. एका रुग्णात महिनोन्महिने औषध सुरू असताना त्याच्या फुफ्फुसातच बुरशी बदलू शकते. दुसरा मार्ग बाहेरचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना विचित्र रुग्ण भेटू लागले. त्यांच्यातील बुरशी अझोलला दाद देत नव्हती, पण त्यातल्या अनेकांनी आयुष्यात अझोलची गोळी घेतलेलीच नव्हती. बुरशी रोध घेऊनच त्यांच्या शरीरात आली होती.

या बुरशीत सापडलेला बदल ‘टीआर३४/एल९८एच’ या नावाने ओळखला जातो. नाव क्लिष्ट असले तरी अर्थ सोपा आहे. पहिला भाग : विकर बनवणाऱ्या जनुकाच्या आधी जो नियंत्रक भाग असतो, त्यातला ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा छापला गेला आहे. त्यामुळे जनुक जोरात चालते आणि विकर नेहमीपेक्षा जास्त तयार होतो. दुसरा भाग : साखळीतील ९८ व्या जागी ल्युसिनऐवजी हिस्टिडिन आले आहे. ही जागा थेट लोहाजवळ नाही. पण ती ज्या वळणावर आहे, ते वळण सैल झाले की आत जाणाऱ्या वाटेची ठेवण बदलते आणि औषध नीट बसत नाही.

यातला एकेकटा बदल फारसा उपयोगाचा नाही, हे प्रयोगांतून दिसले आहे. दोन्ही एकत्र आले की बुरशी पक्की होते. औषध नीट बसत नाही आणि अडवायला विकरही दुपटी-तिपटीने असतात. पुढे ‘टीआर४६/वाय१२१एफ/टी२८९ए’ नावाची दुसरी जोडी सापडली. तिच्यात ४६ अक्षरांचा तुकडा दुहेरी असतो आणि शिवाय वर सांगितलेला टायरोसिनचा बदलही असतो. व्होरिकोनॅझोलला ती जवळपास जुमानत नाही.

डच संशोधकांनी २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल यांसह शेतीतली पाच अझोल या विकराच्या खाचेत जवळपास रुग्णांच्या औषधासारखीच बसतात. विकराला शेत आणि रुग्णालय यांतला फरक कळत नाही. एकाला चकवायला शिकलेली बुरशी दुसऱ्यालाही चकवते.

भारतातला पुरावा काय सांगतो?

हे फक्त युरोपचे दुखणे नाही. दिल्लीतील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतील माती आणि हवेचे नमुने तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पर्यावरणातून मिळालेल्या ॲस्परजिलस फ्युमिगेटसपैकी ७ टक्के बुरशी अझोलरोधी निघाल्या. चहाच्या मळ्यांतील मातीत हे प्रमाण ३३ टक्के होते. रुग्णालयाच्या बागेतील कुंड्यांच्या मातीत २० टक्के आणि भातशेतीत १२.३ टक्के. रुग्णालयाच्या वॉर्डातील हवेतही रोधी बुरशी सापडली.

या बुरशींमध्ये तीच ‘टीआर३४/एल९८एच’ जोडी होती. रुग्णांची तीन औषधे आणि शेतीतील सहा बुरशीनाशके, सर्वांना त्या रोध करत होत्या. रुग्णांतून मिळालेल्या आणि मातीतून मिळालेल्या रोधी बुरशींची जनुकीय ओळखही जुळत होती. दोनच वर्षांत ‘टीआर४६’ ची जोडीही भारतातील मातीत आढळली.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच धोकादायक बुरशींची यादी जाहीर केली. तिच्यातील अतिगंभीर गटात चारच नावे आहेत आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस त्यांपैकी एक आहे.

मग द्राक्ष बागायतदार दोषी का?

नाही. असा निष्कर्ष घाईचा आणि अन्यायाचा ठरेल. ॲस्परजिलस हा द्राक्षवेलीचा रोग नाही. बागायतदार फवारतो ते भुरीसाठी आणि तेही सरकारने नोंदणी केलेले, शिफारस केलेले औषध. डच संशोधकांनी रोधी बुरशीची ‘पैदास केंद्रे’ शोधली, तेव्हा ती उभ्या पिकापेक्षा फवारलेल्या अवशेषांच्या ढिगांत सापडली : फुलांच्या कंदांचा कचरा, बागेतला हिरवा कचरा, लाकडाचा चुरा. अशा ढिगात ऊब असते, ओल असते, खाद्य असते आणि पाल्यासोबत आलेल्या अझोलचा थोडा अंशही असतो. मारून टाकण्याइतका नाही, पण रोधी बुरशीला पुढे जायला पुरेसा.

दिंडोरीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. छाटणीनंतर निघणारी काडी आणि पाला, खराब घड, बेदाण्याचा आणि वाइनचा गाळ यांचे ढीग इथे दरवर्षी तयार होतात. सेंद्रिय कर्ब वाढावा म्हणून त्याचे खत करण्याचा सल्लाही योग्यच आहे. प्रश्न ढीग कसा लावायचा, किती दिवस कुजवायचा आणि तो उपसताना कोण कसे उभे राहते, याचा आहे. ढीग उपसण्याचे आणि खत विसकटण्याचे काम बहुतेक वेळा मजूर करतात. त्यातले कित्येक पेठ, सुरगाणा पट्ट्यातून हंगामासाठी आलेले असतात. त्यांच्या तोंडावर फडक्याशिवाय काही नसते.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. नाशिकच्या बागायतदाराला ‘रेसिड्यू’ हा शब्द चांगलाच माहीत आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे अडकली. तेव्हापासून फवारणी आणि काढणीतील अंतर, प्रयोगशाळेचा दाखला, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी हे सगळे निर्यातदार काटेकोरपणे पाळतात. पण रेसिड्यूची तपासणी फळात किती औषध उरले ते सांगते. मातीत कोणती बुरशी उरली, ते ती सांगत नाही. युरोपातील ग्राहकाच्या ताटाची काळजी घेणारी यंत्रणा उभी राहिली. इथल्या ढिगाशेजारी श्वास घेणाऱ्याची काळजी घेणारी यंत्रणा अजून उभी राहायची आहे.

नायट्याचीही हीच कथा

विकराच्या घडणीचा हा खेळ फुफ्फुसापुरता नाही. गेल्या काही वर्षांत नायटा बरा होत नाही, पुन्हा पुन्हा उठतो, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यामागे बहुतेकदा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी असते. तिचे नावच भारतावरून पडले आहे. तिच्यावरचे टर्बिनाफिन हे औषध अर्गोस्टेरॉलच्या मार्गातील आणखी आधीच्या टप्प्यावरचा, स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचा विकर अडवते. त्या विकरात ३९३ किंवा ३९७ व्या जागचे अमिनो आम्ल बदलले की टर्बिनाफिन निकामी होते.

या प्रकरणात शेतीवर बोट ठेवता येत नाही. स्टिरॉइड मिसळलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकणे, चार दिवसांत खाज थांबली की उपचार सोडणे, घरातल्या सगळ्यांनी एकच ट्यूब वापरणे, या सवयींनी बुरशीला शिकायला वेळ दिला. अर्धवट मारा सगळीकडे घातकच ठरतो, मग तो बागेत असो वा कातडीवर.

रुग्णाच्या वाट्याला काय येते?

ॲस्परजिलसवर तोंडाने घेता येण्याजोगी औषधे अझोल कुळातलीच आहेत. टीबीनंतरच्या दीर्घकालीन आजारात ती किमान सहा महिने, बरेचदा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात. अझोल चालले तर दिंडोरीचा रुग्ण घरी राहून, शेतात जाऊन उपचार पूर्ण करू शकतो. ते निकामी झाले तर उरते ते शिरेतून द्यायचे इंजेक्शन. त्यासाठी रुग्णालयात दाखल होणे, रोजगार बुडणे आणि ॲम्फोटेरिसिनच्या बाबतीत मूत्रपिंडावरचा ताण हे सगळे आले.

शरीरात पसरलेल्या आजारात तर प्रश्न जिवाचा असतो. नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात व्होरिकोनॅझोलला दाद देणारी बुरशी असलेल्या रुग्णांपैकी २८ टक्के सहा आठवड्यांत दगावले. रोधी बुरशी असलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. तेही तपासणीच्या सोयी उत्तम असलेल्या देशात. आपल्याकडे बुरशी वाढवून तिच्यावर कोणते औषध चालते हे पाहणारी चाचणी मोठ्या शहरांतील मोजक्या प्रयोगशाळांत होते. तालुक्याच्या ठिकाणी खोकल्याच्या रुग्णाला पुन्हा टीबीच्याच गोळ्या सुरू होण्याची शक्यता जास्त.

नवी औषधे, जुनीच चूक?

अझोल गेले तर दुसरे औषध येईल, असा दिलासा कुणी देईल. ते येतही आहे. ओलोरोफिम नावाचे औषध रुग्णांवरील चाचण्यांत आहे. ते ‘सीवायपी५१’ ला हातच लावत नाही, बुरशीच्या दुसऱ्याच एका विकराला अडवते. अझोलरोधी बुरशीवरही ते चालते, म्हणून डॉक्टरांच्या त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत.

मात्र त्याच विकरावर मारा करणारे इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीचे बुरशीनाशकही तयार झाले असून अमेरिकेत त्याला नोंदणी मिळाली आहे. या बुरशीनाशकाला प्रयोगशाळेत सरावलेली ॲस्परजिलस ओलोरोफिमलाही दाद देत नाही, हे मँचेस्टरमधील संशोधकांनी दाखवले आहे. रुग्णाच्या हाती औषध पोहोचण्याआधीच त्याची धार शेतात बोथट व्हायची भीती आहे. अझोलच्या बाबतीत निदान अजाणतेपणी झाले असे म्हणता येईल. या वेळी ती सबब चालणार नाही.

युरोपीय संघाच्या पाच संस्थांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त अहवाल दिला. २०१० ते २०२१ या काळात तिथे मानवी औषधांखेरीज इतर कामांसाठी सुमारे १ लाख २० हजार टन अझोल विकले गेले आणि त्यातले ९९ टक्के शेतीत वापरले गेले. शेतीतील वापर आणि रोधी ॲस्परजिलस यांचा संबंध असल्याचे अहवाल सांगतो. नव्या बुरशीनाशकाला परवानगी देण्याआधी माणसाच्या औषधावर काय परिणाम होईल हे पाहा, अशी त्याची शिफारस आहे.

आता काय करायला हवे?

भारतात बुरशीनाशकाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि ती कृषी खात्याच्या कक्षेत येते. रुग्णाच्या औषधाला परवानगी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मिळते आणि ती आरोग्य खात्याच्या कक्षेत. दोन्ही खात्यांच्या फायली वेगळ्या, पण बुरशीचा विकर एकच. नव्या बुरशीनाशकाचे लक्ष्य असलेला विकर माणसाच्या एखाद्या औषधाचेही लक्ष्य आहे का, हा एक प्रश्न नोंदणीच्या अर्जात सक्तीचा केला, तरी मोठे काम होईल. असा विचार आपल्याकडे परका नाही. पिकांवर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन फवारण्यावर केंद्राने टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १ जानेवारी २०२४ पासून तो वापर थांबवला. टीबीवरचे औषध झाडावर नको, हे तत्त्व मान्य झाले आहे. बुरशीच्या औषधांपर्यंत ते पोहोचायचे आहे.

अझोलवर सरसकट बंदी हा मार्ग नाही. त्याने बागायतदार उघड्यावर पडेल आणि बेकायदा औषधांचा बाजार वाढेल. पण वापर कमी आणि नेमका करता येतो. भुरीसाठी गंधक आजही उपयोगी आहे आणि त्याला बुरशी सहजी सरावत नाही. डावणी ही खरी बुरशीच नाही. तिला अर्गोस्टेरॉल बनवायचे नसते, त्यामुळे डावणीसाठी अझोल फवारणे म्हणजे पैसा वाया घालवणे. एकाच कुळाची औषधे लागोपाठ न मारता कूळ बदलत राहणे, हा सल्ला कृषी शास्त्रज्ञ कधीपासून देत आहेत. अडचण अशी की डब्यावर व्यापारी नाव ठळक असते. दोन वेगळ्या नावांच्या डब्यांत एकाच कुळाचे रसायन असते आणि आपण औषध बदलले, असे शेतकऱ्याला वाटते. अझोल कुळाचा आंतरराष्ट्रीय गट क्रमांक ३ आहे. प्रत्येक बुरशीनाशकाच्या डब्यावर असा गट क्रमांक मोठ्या मराठी आकड्यात छापणे ही कमी खर्चाची सुधारणा आहे.

ढिगांबाबतही साधे नियम पुरेसे आहेत. नुकत्याच फवारलेल्या बागेचा पाला थेट ढिगात टाकू नये. ढीग वस्तीपासून दूर असावा. उपसण्याआधी त्यावर पाणी शिंपडावे, म्हणजे बीजाणू उडत नाहीत. उपसणाऱ्याला चांगला मास्क मिळावा. दमा असलेल्या किंवा टीबी होऊन गेलेल्या माणसाला हे काम देऊ नये.

आणि तपासणी. नाशिककडे यासाठी लागणारे सगळे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरच आहे. शेजारच्या निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत येथे कांदा व द्राक्ष संशोधन केंद्र आहे. मोहाडीत शेतकऱ्यांनीच उभी केलेली सह्याद्री फार्म्ससारखी कंपनी आहे. निर्यातीसाठी बागनिहाय फवारणीच्या नोंदी ठेवल्या जातात. या नोंदींच्या जोडीला बागांतील माती आणि ढिगांतील बुरशी तपासली, तिच्यातील ‘सीवायपी५१’ चे जनुक वाचले आणि जिल्ह्यातील रुग्णांत आढळलेल्या बुरशीशी ते ताडून पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर दिल्ली किंवा नेदरलँड्सकडून उसने आणावे लागणार नाही. देशातील अशा अभ्यासाला नाशिक दिशा देऊ शकेल.

शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून किंवा रुग्णाला नशिबावर सोडून हा प्रश्न सुटणार नाही, कारण दिंडोरीत बरेचदा दोघे एकाच घरात राहतात. सकाळी ब्लोअर चालवणाऱ्याच्या आईलाच टीबीनंतरचा खोकला असतो. तिच्या गोळीची धार टिकवायची असेल तर त्याच्या टाकीतल्या औषधाचा हिशेब कृषी आणि आरोग्य या दोन्ही खात्यांनी मिळून ठेवायला हवा. म्युकरच्या वेळी ॲम्फोटेरिसिनसाठी रांगा लागल्या, तेव्हा बुरशीचा विकर आधीपासूनच बदललेला होता आणि हाती करण्यासारखे थोडेच होते. ॲस्परजिलसच्या बाबतीत अजून वेळ आहे. तो किती आहे, हे मातीचे नमुने तपासल्याशिवाय कळणार नाही आणि त्याची सुरुवात येत्या छाटणीपासूनच करता येईल.